मास्तरांना आलेला तरुणांचा ताप

गाठ चौदा पूर्णांक दोन दशांश मिलिमीटरची होती. डाव्या जबड्याच्या खाली, कानाच्या पाळीपासून साधारण चार बोटांवर. मास्तरांनी ती व्हर्नियर कॅलिपरने तीन वेळा मोजली, कारण एकदाच घेतलेल्या मापावर त्यांचा विश्वास नव्हता. तिन्ही मापांची सरासरी काढून त्यांनी ती पेन्सिलीने समोरच्या भिंतीवर लिहिली. मग उजव्या बाजूची गाठ मोजली. तेरा पूर्णांक आठ.

"दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आहेत," ते भाचीला म्हणाले, जणू त्या त्यांनी स्वतःच वळल्या होत्या.

मास्तर एका संशोधन संस्थेच्या काचशाळेचे प्रमुख. प्रयोगशाळांना लागणाऱ्या नळ्या, चंबू, वाफ थंड करणारे कंडेन्सर असं जे बाजारात आयतं मिळत नाही, ते सगळं ज्योतीवर फुंकून करायचं, हे त्यांचं काम. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती. रजेच्या वहीतला त्यांचा रकाना कोरा होता आणि संस्थेत नवं माणूस आलं की ते त्याला आधी काचशाळा दाखवत, मग तो रकाना. भाची म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. सव्वीस वर्षांची, चार वर्षं त्यांच्या हाताखाली असलेली, आणि डावखुरी.

डॉक्टरकडे जा, असं भाचीनं सोमवारी सांगितलं. गाठी येतात आणि जातात, असं मास्तरांनी उत्तर दिलं. मंगळवारी भिंतीवर सोळा पूर्णांक एक लिहिलं गेलं आणि अंगात ताप भरला. बुधवारी साडेसतरा झाले, आणि आवंढा गिळताना घशातून कुणीतरी पॉलिश पेपर फिरवतंय असं वाटू लागलं. त्या दुपारी बर्नर पेटलेला, हातात नळी फिरते आहे, अशा अवस्थेत मास्तरांना उभ्या उभ्या डुलकी लागली. नळी ज्योतीत मऊ होऊन मान टाकल्यासारखी खाली लोंबली. भाचीनं गॅस बंद केला, त्यांच्या हातातली नळी काढून घेतली, त्यांना स्टुलावर बसवलं आणि मामीला फोन लावला. मास्तरांनी रजेचा अर्ज लिहिला. त्यावर 'अर्धा दिवस' असं लिहून 'अर्धा'खाली दोन रेघा मारल्या.

रक्ताचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. डॉक्टर तरुण होत्या आणि त्यांनी तो कागद दोनदा वाचला.

"ग्लँड्युलर फिव्हर आहे," त्या म्हणाल्या. "ग्रंथिज्वर. औषध असं काही नाही, विषाणूचा आहे, आपोआप जातो. पण वेळ घेतो. प्लीहा सुजलीय, इथे, डाव्या बरगडीखाली. त्यामुळे आठ आठवडे जड उचलायचं नाही, जोर लावायचा नाही."

"फुंकायचं?" मास्तरांनी विचारलं.

"अजिबात नाही."

मग त्या जरा अडखळल्या. हा एरवी पंधरा ते पंचवीस वयाचा आजार, असं त्यांनी सांगितलं. बहुतेकांना तो लहानपणीच नकळत होऊन जातो. मास्तर तेवढे राहून गेले होते. तो लाळेतून पसरतो. एकाच पेल्यातून पाणी, एकच चमचा, किंवा... इथे त्यांनी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. "म्हणजे याला चुंबनाचा आजार असंही म्हणतात."

मास्तरांची बायको शेजारच्या खुर्चीत बसली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची, आणि सबंध शाळेत तिच्याइतकी शांत बाई दुसरी नव्हती. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, "ह्यांना?" एवढंच म्हणाली आणि हसायला लागली. ते हसू थांबेना. शेवटी चष्मा काढून तिनं डोळे पुसले, डॉक्टरांची माफी मागितली, आणि पुन्हा मास्तरांकडे नजर गेल्यावर पुन्हा सुरू झाली.

तिनं संशय घेतला असता तर मास्तर समजू शकले असते. भांडली असती, माहेरी जाते म्हणाली असती, तरी त्यांनी नीट समजावलं असतं. पण तिनं शक्यताच धरली नव्हती. घरी जाताना ते जिन्यात म्हणाले, "एवढं हसायला काय झालं?"

"काही नाही हो," ती म्हणाली. "बिचारीनं किती जपून सांगितलं ना, म्हणून."

घरी येऊन मास्तर झोपले ते शुक्रवारी दुपारी उठले, आणि उठून दात घासल्याच्या श्रमानं परत झोपले. बायकोनं त्यांचा पेला, ताट, चमचा वेगळा काढून प्रत्येकावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. मग आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. तारीख, ठिकाण, व्यक्ती, भांडं. हा आजार अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला चार ते सात आठवडे घेतो, तेव्हा त्या तीन आठवड्यांत नवऱ्यानं कुणाचं उष्टं खाल्लं किंवा प्यायलं, एवढाच तिचा प्रश्न होता. राग नव्हता. शाळेत मुलांच्या अंगावर पुरळ उठलं तरी ती हेच करायची.

"कुणाचंच नाही," मास्तर म्हणाले. "मी जन्मात कुणाचं उष्टं खाल्लेलं नाही."

हे त्यांनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं. कारण कुणाचं, कधी, आणि साधारण किती वेळा, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

काच फुंकायची ती रबरी नळीतून. नळीचं एक टोक काचेच्या वस्तूला जोडलेलं, दुसऱ्या टोकाला तोटी, ती दातात धरायची. दोन्ही हात काच फिरवण्यात गुंतलेले, त्यामुळे तोंड हाच तिसरा हात. काचशाळेत प्रत्येकाची तोटी वेगळी, प्रत्येकीचा खिळा वेगळा. 'दुसऱ्याचा दातांचा ब्रश आणि दुसऱ्याची तोटी तोंडात घेऊ नये' ही पाटी मास्तरांनी स्वतः रंगवली होती, आणि अठ्ठावीस वर्षं तो नियम कुणी मोडला नव्हता. सहा आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी तो मोडला. मोडणारे मास्तरच.

त्या दिवशी बाकावर तीन पदरी कंडेन्सर होता. एका नळीत दुसरी नळी, आणि तिच्या आत बावीस फेऱ्यांचं काचेचं वेटोळं. संस्थेत हे आधी कुणी केलेलं नव्हतं. वेटोळं भाचीनं वळलं होतं, कारण आठ महिन्यांपासून मास्तरांच्या उजव्या हाताचा अंगठा मधेच अडकायचा. हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. 'तुला सराव हवा' असं म्हणून ते असली कामं भाचीकडे सरकवत आले होते. शेवटचा जोड मात्र त्यांनी स्वतः घ्यायचा ठरवला. तो जोड एकाच तापात पुरा व्हावा लागतो. मधे थांबलं की तीन आठवड्यांच्या कामाला तडा.

जोड अर्ध्यावर आला आणि अंगठा अडकला.

काच थांबत नाही. वस्तू एका बाजूला कलू लागली. भाचीनं दोन्ही हात पुढे केले, मास्तरांच्या हातातली वस्तू त्याच वेगानं फिरत तिच्या हातात गेली, आणि ती म्हणाली, "तोटी." तिची तोटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिळ्यावर. मास्तरांनी आपल्या तोंडातली काढून तिच्या तोंडात दिली. पंधरवड्यापूर्वी ती घसा आणि तापानं आजारी होती, त्यामुळे तिचा दम अजून पुरत नव्हता. दोन फुंकरींनंतर तिनं मान हलवली, मास्तरांनी तोटी घेतली, तिच्या डोळ्यांकडे बघत फुंकलं, परत दिली. असं चाळीस मिनिटं. दहा-बारा वेळा तरी ती तोटी ह्या तोंडातून त्या तोंडात गेली असेल. शेवटी वस्तू हळूहळू थंड करायच्या भट्टीत गेली, तेव्हा दोघांचे शर्ट पाठीला चिकटले होते. मास्तरांनी आयुष्यात इतका स्वच्छ जोड पाहिला नव्हता. ते त्यांनी भाचीला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संचालक आले, कंडेन्सर उजेडाकडे धरून बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, कमाल केलीत." मास्तर हळू आवाजात म्हणाले, "काचशाळेनं केलंय." सगळ्यांनी तो विनय समजला. आठवड्याच्या आत कंडेन्सर प्रवेशदालनातल्या कपाटात गेला आणि त्याखाली 'निर्मिती : काचशाळा प्रमुख' अशी चिठ्ठी लागली. मास्तरांनी ठरवलं, सोमवारी ही चूक दुरुस्त करून घ्यायची. मग पुढच्या सोमवारी. मधल्या काळात ते रोज चार वाजता खाली जाऊन कपाटाची काच रुमालानं पुसू लागले.

भाचीचा अर्जही असाच एका सोमवारवर थांबला होता. दोन वर्षं शिकल्यावर प्रमुखानं सही केली की शिकाऊ माणूस स्वतंत्र कारागीर होतो; मग कुणी शेजारी उभं न राहता काम करायचं, आणि वस्तूच्या तळाशी आपली खूण उमटवायची. अर्ज मास्तरांच्या खणात दोन वर्षं पडून होता. "काच घाई करणाऱ्याला चटका देते," ते म्हणत. भाचीच्या हाताला गेल्या वर्षभरात एकही चटका बसलेला नव्हता.

आता वैद्यकीय दाखला संस्थेत जाणं भागच होतं. तो हेडक्लार्कच्या हाती पडला. हेडक्लार्क माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या पोटात काही राहत नसे. त्यानं आजाराचं नाव मोबाइलवर शोधलं, आणि चहाच्या सुट्टीपर्यंत ते सगळ्या इमारतीला तोंडपाठ झालं. दुसऱ्या आठवड्यात तो फळांची पिशवी घेऊन मास्तरांना बघायला आला, खुर्ची पलंगाजवळ ओढून बसला, बायको आत गेल्याची खात्री केली आणि कुजबुजला, "मास्तर, आम्हाला वाटलं होतं तुम्ही नुसते काचेलाच फुंकता. कोण हो?"

इथे मास्तरांनी आयुष्यातली दुसरी मोठी चूक केली. ते मंदपणे हसले.

खरं तर घसा दुखत असल्यामुळे ते बोलले नाहीत, असं नंतर त्यांनी स्वतःला पटवायचा प्रयत्न केला. पण तसं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं लोक त्यांचं काम बघत आले होते. कुणी पहिल्यांदाच त्यांना बघत होतं. त्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. लेखा विभागातले दोघं आले आणि उगाचच आदबीनं बोलले. गोदामाचा प्रमुख आला, त्यानं मास्तरांच्या खोलीवर एक नजर फिरवली आणि म्हणाला, वय हा नुसता आकडा असतो. मास्तर उशीला टेकून प्रत्येक वेळी तसंच मंद हसले. एका पाहुण्याच्या देखत तर त्यांनी खिडकीबाहेरही पाहिलं.

बरं होणं मात्र मानहानीचं काम होतं. जिभेवर थंड दूध आणि मऊ बटाटा सोडून काही उतरत नव्हतं. दिवसाचे सोळा तास झोपेत जात. पलंग ते गॅलरी हे अंतर एकोणीस पावलांचं, आणि पहिल्या आठवड्यात ते अकराव्या पावलावर बसले. बायको शाळेतून आली की आधी गाठी मोजायची. व्हर्नियर आता घरी आणलं होतं. साडेसतराचे सोळा, सोळाचे साडेचौदा. ते आकडे ती तक्त्याच्या कडेला लिहायची. चहावर फुंकर मारायला मास्तरांनी ओठ चंबूसारखे केले की ती आतूनच म्हणायची, "फुंकायचं नाही सांगितलंय," आणि बशी पुढे करायची. तिला ते कसं कळायचं हे त्यांना शेवटपर्यंत उलगडलं नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ते गॅलरीत पोचले, कठडा धरून उभे राहिले आणि खालून चाललेल्या एका माणसाला त्यांनी विनाकारण हात केला.

चौथ्या आठवड्यात भाची आली. ती दर दोन-तीन दिवसांनी यायची, कामाचं सांगायची, पण त्या दिवशी ती खुर्चीच्या कडेवर बसली. दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं तसेच तीन कंडेन्सर मागवले होते. संचालक विचारत होते, मास्तर कधी उठतील.

"सांग त्यांना, थांबा म्हणावं," मास्तर म्हणाले. "अजून महिना."

"ते थांबणार नाहीत, मामा. मी करू शकते. सही नाही म्हणून मला एकटीला ज्योत लावता येत नाही, एवढंच आहे."

मास्तरांनी चटक्याचं वाक्य म्हटलं. ते म्हणताना त्यांना स्वतःलाच ते शिळं वाटलं.

भाचीनं पिशवीतून एक पत्र काढलं आणि पांघरुणावर ठेवलं. ज्या प्रयोगशाळेला कंडेन्सर हवे होते, तिनंच तिला बोलावलं होतं. स्वतंत्र कारागीर म्हणून. कळवायची मुदत शनिवार.

"धमकी देतेस का?"

"नाही. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून सांगतेय." तिनं पत्र उचलून त्यांचं पांघरुण सारखं केलं. "तिथे काम चांगलं आहे. पण मला शिकवलंय ते तुम्ही. तिथे माझ्या कामाची चूक कुठे आहे ते कुणाला दिसणारसुद्धा नाही."

ती गेल्यावर मास्तर भिंतीकडे वळले. बायको दारात उभी होती. तिनं लाल ठिपक्याचा पेला उचलला आणि ती आत गेली.

शनिवारी सकाळी दहाला दाराची घंटा वाजली. दारात फोनबाई उभ्या होत्या.

फोनबाई म्हणजे प्रवेशदालनातल्या टेबलावर बसणाऱ्या बाई. पूर्वी संस्थेत मोठं टेलिफोन एक्स्चेंज होतं, ते त्या चालवायच्या. एक्स्चेंज गेलं, नाव राहिलं. सत्तावन्न वर्षांच्या, नीटनेटक्या, मोजकं बोलणाऱ्या. मास्तरांच्या घरी त्या कधीच आलेल्या नव्हत्या. बायकोनं त्यांना आत आणून बसवलं, तेव्हा त्यांनी पर्स मांडीवर उभी ठेवली आणि मास्तरांची प्रकृती विचारली. मग म्हणाल्या, "वहिनी, तुम्हीही बसा. हे तुमच्यासमोरच व्हायला हवं."

बायको बसली.

"मास्तर, संस्थेत असं बोलतात, की तुम्हाला हा आजार माझ्यामुळे झाला. तुम्ही रोज चार वाजता खाली येत होतात, समोर मी बसते, दुसरं तिथे कुणी नसतं. लोकांनी हिशेब जुळवला. आणि तुम्हाला विचारलं तर तुम्ही हसता म्हणे."

मास्तरांच्या अंगात पुन्हा ताप भरल्यासारखं झालं.

"मी तीन महिन्यांनी निवृत्त होणार," फोनबाई पुढे म्हणाल्या. "चौतीस वर्षांत माझ्याबद्दल एकही अफवा उठली नव्हती. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला जरा बरंच वाटलं. तिसऱ्या दिवशी सूनबाईनं माझा कप वेगळा ठेवला. नातवाला माझ्याजवळ झोपू देत नाहीत. आता एवढंच सांगा, हे आपण कधी केलं? मला निदान तारीख तरी कळू दे."

बायकोनं खाली मान घातली. तिचे खांदे हलत होते, पण ह्या वेळी तिनं आवाज येऊ दिला नाही. आपण खाली येत होतो ते कपाटासाठी, असं मास्तरांनी कसंबसं सांगितलं.

"ते मला माहितीये. येता, काच पुसता, चिठ्ठी वाचता आणि जाता. माझ्याकडे बघतसुद्धा नाही." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, पण नोंद म्हणून नक्कीच सांगितलं. "तुम्ही पाच मिनिटं बघता. मी आठ तास बघते. म्हणून एक विचारते. वरच्या प्रयोगशाळांत तुमची बारा वेटोळी आहेत. टपाल द्यायला जाते तेव्हा मी बघितलीत सगळी. बाराच्या बारा उजवीकडून चढतात. कपाटातलं तेवढं डावीकडून. असं का?"

ही गोष्ट काच फुंकणाऱ्याशिवाय कुणाच्याही लक्षात येणार नाही, यावर मास्तरांनी दहा आठवडे काढले होते.

"हजेरीपुस्तक माझ्याच टेबलावर असतं," फोनबाई म्हणाल्या. "डाव्या हातानं सही करणारी संस्थेत एकच आहे."

मग मास्तरांनी सांगितलं. अंगठ्यापासून सुरुवात केली, कारण ते सगळ्यांत अवघड होतं. गुरुवार, कललेली काच, तोटी, दहा-बारा वेळा, चिठ्ठी, सोमवार, पुढचा सोमवार, हेडक्लार्क, हसू. सांगता सांगता त्यांना तीनदा थांबून दम घ्यावा लागला. जोडाचं वर्णन मात्र त्यांनी न थांबता केलं. काच कलत असताना पोरीनं ती कशी पेलली, तिचा श्वास अपुरा आणि हात मात्र कसे जराही हलले नाहीत, जोडाची कड कशी केसासारखी बारीक आली. अठ्ठावीस वर्षांत आपल्याला तसा एकही जमला नाही, हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांनाच नवल वाटलं. ते बोलताना त्यांना लाज वाटायला हवी होती, आणि त्यांची छाती मात्र फुगत होती, प्लीहेला मनाई असताना.

बायकोनं त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि अंगठा हलकेच वाकवून पाहिला. तो अर्ध्यात अडकला.

"आठ महिने?" ती म्हणाली. "तरीच बाटल्यांची झाकणं माझ्याकडे द्यायला लागलात. मला वाटलं, प्रेमानं देताय."

"तुला आजाराचं कळलं होतं?"

"तुमच्या भाचीला घसा आणि ताप कधी होता ते मला दुसऱ्याच दिवशी आठवलं. भांडं कुठलं तेवढं सापडत नव्हतं." ती थोडी थांबली. "तिला कुणाकडून, हे मी तिला विचारणार नाही. तुम्हीही विचारायचं नाही. ती सव्वीस वर्षांची आहे, वयात जवळजवळ बसतंय."

फोनबाईंनी पर्समधून मोबाइल काढला. हे सगळं त्यांच्या सुनेला सांगून भागणार नव्हतं. एकेकाला सांगत फिरायला त्यांना वेळ नव्हता. "हेडक्लार्कला सांगा," त्या म्हणाल्या. "एक्स्चेंज बंद झाल्यापासून संस्थेत तेच काम तो करतो." नंबर त्यांनी यादीत शोधला नाही, पाठच होता. फोन लागला आणि त्यांनी तो स्पीकरवर टाकून मास्तरांच्या उशीवर ठेवला.

त्याच वेळी भाची आत आली. काचशाळेची किल्ली द्यायला आली होती. तिच्या दुसऱ्या हातात ते पत्र होतं. खोलीत फोनबाईंना बघून ती दारातच थांबली.

मास्तरांनी हेडक्लार्कला सांगितलं, की आजार तोटीमुळे झाला. ती तोटी काच फुंकायची असते. ती दोघांनी वापरली, कारण कामच तसं होतं. फोनबाईंचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही आणि आपण हसलो तो गाढवपणा होता.

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे तसं काहीच नाही?" हेडक्लार्कनं विचारलं.

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"बाई इथेच बसल्यात. विचारा."

हेडक्लार्कनं घाईघाईनं नको म्हटलं. त्याचा आवाज पडला होता. इतक्या आठवड्यांचा संसार मोडल्यासारखा. मग त्याच्यातला कारकून जागा झाला. कपाटातलं काम जर भाचीनं केलेलं, तर ती शिकाऊ. शिकाऊ माणसानं ते केलंच कसं, त्याची नोंद कुठे, आणि आता ते तीन कंडेन्सर कुणाच्या नावावर घ्यायचे? संचालक सोमवारी विचारणार. मास्तर आजारी, भाचीला परवानगी नाही. नाही म्हणून कळवून टाकू का?

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. भाची पत्राची घडी घालत होती, डाव्या हातानं, आहे त्या घडीवरच पुन्हा. तिनं मामाकडे पाहिलं नाही. तिनं काही मागितलंही नाही. दोन वर्षांपूर्वी एकदा मागितलं होतं, तेवढंच. बायको नवऱ्याचा अडकलेला अंगठा अजून धरून होती.

"नाही म्हणून कळवू नका," मास्तर म्हणाले. आवाज फाटका होता, म्हणून ते घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "माझ्या खणात वरच तिचा अर्ज आहे. तो काढून ठेवा. सोमवारी मी येऊन सही करतो. जिना चढवत नसेल तर खाली टेबलावर आणून द्या, बाईंच्या समोर करीन. कपाटातल्या चिठ्ठीवर तिचं नाव घाला. आणि ते तीन कंडेन्सर ती करेल, एकटी, तिच्या तोटीनं. काचशाळेत आता दोन मास्तर आहेत, असं लिहून घ्या. पहिली ती. दुसरा मी."